दुपारी दोन ते पाच

नंदुरबारपासून तिसरं स्टेशन.
फेब्रुवारीत वारा फिरला की पथारीवरची मिरची
थेट माझ्या पॅनलरूममध्ये येते
आणि मी शिंकत शिंकत लाईन क्लिअर देते.

काम तसं साधं आहे:
कोणी थांबायचं, कोणी जायचं.
सुपरफास्ट आली की कोळशाची मालगाडी लूपला.
पॅसेंजरही लूपला, कंट्रोलर म्हणाला तर.
अकरा वर्षं झाली, हात आपोआप जातो.
पॉइंट्समन रोहिदास वळवी म्हणतो,
मॅडम, तुम्ही डोळे मिटून गाड्या काढाल.

घरी मात्र एकच लाईन.
तिच्यावर सकाळी सहाला आईच्या डोळ्यांतले थेंब,
मनवाचा डबा, गॅसवाल्याचा फोन,
हेमकांतची शाळा, माझी नाईटनंतरची झोप,
आणि वाहतूक निरीक्षकाच्या परीक्षेचं
ते जाडजूड नियमांचं पुस्तक,
जे दोन वर्षं उशाशी आहे.
उशी म्हणून बरं आहे.

आई म्हणते, "समदं एकच दिनमा थोडंच व्हस, माय."
पण म्हणताना तिला चहा हवा असतो.

त्या रात्री एक मालगाडी लूपला उभी होती,
एक चाळीसपासून.
चार गाड्या तिला ओलांडून गेल्या.
साडेचारला वॉकीटॉकीवर तिचा लोको पायलट बोलला,
चिडून नाही, घरातल्यासारखा:
"मॅडम, आम्ही आहोत ना अजून तुमच्या रजिस्टरात?"

मी हसले.
रजिस्टरात त्याची वेळ शोधताना
हसू तिथंच राहिलं.

मनवानं दिवाळीत विचारलं होतं, सायकल शिकवशील?
म्हणाले होते, पुढच्या रविवारी.
सायकल जिन्याखाली आहे. घंटी गंजली.
पुस्तकाचं पान बारा, तिथंच दुमडलेलं.
मला वाटायचं, घरात कोणी खोळंबलेलं नाही,
कारण कोणी हॉर्न मारत नव्हतं.

रेल्वेत एका गोष्टीपुढे
मोठ्यात मोठ्या गाडीचं चालत नाही. ब्लॉक.
रूळ बदलायचे, वायर ओढायची,
तर दोन तास लाईन बंद.
मंत्र्याचा डबा असला तरी आधीच्या स्टेशनात उभा.
त्याला कोणी आळस म्हणत नाही.
कागदावर सही असते.

म्हणून मी कॅलेंडरच्या पाठीवर लाल पेननं लिहिलं:
रविवार, दुपारी दोन ते पाच. सायकल.
मंगळवार, शुक्रवार, पहाटे चार ते साडेपाच. पुस्तक.
हेमकांतनं चष्मा कपाळावर नेऊन वाचलं.
"आणि भाकरी?"
"त्या दिवशी तुझ्या लाईनवर."
बराच वेळ गप्प. मग विचारलं,
कळण्याचं पीठ कुठल्या डब्यात असतं?

शनिवारी साहेबांचा फोन, उद्या डबल ड्यूटी करता का.
अकरा वर्षं या प्रश्नाला माझं हो
प्रश्न संपायच्या आत सुटायचं.
या वेळी मध्येच शिंक आली.
शिंक संपल्यावर म्हणाले, उद्या ब्लॉक आहे, साहेब.
"कुठे?"
"घरी."
तिकडून नुसती खरखर.

पहिला ब्लॉक वीस मिनिटं उशिरा लागला,
तसे ते लागतातच.
चेन निघाली, गुडघा फुटला.
पहिला मंगळवार तर मी झोपूनच घालवला.
अर्ज भरलाय. पास होईन असं काही नाही.

पण पथारीकडे जाणारा कच्चा रस्ता होता,
दोन्हीकडे लालच लाल,
मनवा सीटवर, माझा हात कॅरिअरवर,
आणि ती ओरडली, सोडू नको! आधी नंबर सांग.
तिला माहीत आहे, दोन स्टेशन मास्तर
प्रायव्हेट नंबर दिल्याघेतल्याशिवाय
गाडी सोडत नाहीत.
मी म्हणाले, "सत्तेचाळीस."
समोर बघत तिनं नीट विचार केला.
"माझा बावीस."

आणि मी हात काढला.